कुठं माशी शिंकली

नांदेड-लातूर गाडीत, लोह्याचं बसस्टँड मागं पडलं तेव्हा धम्मप्रियाच्या कानात तिचा नवरा हसत होता. मस्कतहून त्यानं सकाळी पाठवलेला आवाजी मेसेज धावपळीत ऐकायचा राहून गेला होता. मांडीवर लेक विशू झोपलेली, तिच्या लाळेनं ओढणीचा कोपरा भिजलेला, खिडकीची काच अर्धी सरकून अडकलेली आणि त्या फटीतून उन्हाची झळ. "प्रिया, गंमत ऐक की," धम्मानंद सांगत होता. "काल इकडं कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्तो. दुकानदार इथलाच, ओमानी म्हातारा. म्हणलं, लबन हाय का? ताकाला इकडं लबन म्हणून राहिलेत. तर म्हातारा म्हणतो, माशी. तूच शिकवलंस ना मला, माशी म्हणजे ठीक हाय, चालतंय म्हणून? मी आपला हुबा. तो बसलेला. मी त्याच्याकडं बघून राहिलो, तो माझ्याकडं बघून राहिला. शेवटी मागचा एक केरळी बोलला, भाईसाब, इधर माशी मतलब नहीं है! घे आता. पडली का नाही तुझी माशी ताकात?" आणि पुन्हा ते खळखळून हसू, त्याच्या मागं कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज, मग मेसेज संपला.

तिलाही हसू आलं. ओठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. गाडी एका खड्ड्यातून उसळली, विशूचं डोकं तिच्या मनगटावर आदळलं, आणि त्या हिसक्यासरशी सकाळचा दवाखाना तिच्यापुढं जसाच्या तसा उभा राहिला. डॉक्टरांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा हत्ती, तपासणीच्या गादीवर पाय न झाडता पडून राहिलेला सुहैल, आणि त्याच्यावर वाकलेली त्याची आई, वरच्या मजल्यावरची येमेनी शेजारीण इब्तिहाल. डॉक्टरांनी विचारलं होतं, "लघवी होतेय का बाळाला?" आणि इब्तिहालच्या नि डॉक्टरांच्या मधे उभी असलेली धम्मप्रिया, जिचा त्या क्षणी ऊर भरून आला होता की आपल्याला अरबी येतंय, आपण कुणाच्या तरी उपयोगाला येतोय, तिनं पुस्तकातला शब्द जुळवून विचारलं होतं, "अल्-बौल?" इब्तिहालनं मान वर न करता म्हटलं होतं, "माशी." आणि मग बाळाचं झबलं नीट करत, जरा घाईनं, "दल्हीन माशी." दल्हीन म्हणजे आत्ता. धम्मप्रियानं डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, "हो, आता ठीक आहे. होतेय."

डॉक्टर म्हणाले होते, "मग काळजी नाही. पाणी थोडं कमी झालंय अंगातलं, पण लघवी होतेय म्हणजे घरीच भागेल. मीठसाखरेचं पाणी पाजत राहा. लघवी बंद झाली तर मात्र लगेच आणायचं, सलाईन लावावं लागेल."

येमेन ओमानला खेटूनच आहे. नकाशात तिनं कितीदा बोट फिरवलं होतं त्या रेषेवरून. माशी म्हणजे ठीक, हे तिला शिकवलं होतं मोबाइलवर अरबी शिकवणाऱ्या कैरोच्या बाईनं, टवटवीत चेहऱ्याच्या, दर वाक्याला टाळी देणाऱ्या. कैरो कुठं, येमेनची सना कुठं. दल्हीन माशी. आत्ता नाही. आई सांगत होती आत्ता नाही होत, आणि आपण डॉक्टरला सांगितलं होतेय.

तिनं फोन लावला. इब्तिहालच्या फोनची रिंग नुसतीच वाजत राहिली. पुन्हा लावला. इब्तिहालचा नवरा अम्मार, विद्यापीठात संशोधन करणारा, व्हिसाच्या कामाला हैदराबादला गेलेला. म्हणून तर धम्मप्रियानं सकाळी रिक्षा बोलावली होती, म्हणून तर ती मधे उभी होती. अम्मारचा फोन बंद. ऑफिसात फोन बाहेर ठेवायला लावतात असं तो मागं म्हणाला होता. डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवर, चिठ्ठी इब्तिहालकडं. राहिल्या खालच्या घरमालकीण धुरपताबाई. त्यांचा फोन दुपारी उशीखाली असतो आणि त्या उशीवर त्यांचा चांगला कान, वर राहतो तो बहिरा. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. शेजारच्या सीटवरचा फेटेवाला म्हातारा म्हणाला, "रेंज न्हाई इथं पोरी, माळाकोळीला येती." रेंज होती. रेंज असून कुणी उचलत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली, आणि मान हलवल्यावर वाटलं, ही मान तरी त्याला कळली का, हो म्हणून कळली की नाही म्हणून.

अरबी शिकायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते भीतीतून. धम्मानंदला मस्कतच्या गोदामात नोकरी लागली, वर्षभरानं त्यानं बायकोपोरीचा व्हिसा करायला घेतला, आणि सगळे विमान, फ्लॅट, समुद्र असं बोलत असताना तिच्या मनात एकच चित्र यायचं: विशूला ताप चढलाय, डोळे फिरवतेय, समोर परका डॉक्टर आहे आणि आपल्या तोंडात शब्द नाही. तिथं इंग्रजी चालतं, हिंदी चालतं, धम्मानंद सांगून दमला. पण तिला ठाऊक होतं की ऐन वेळेला जे चालतं तेच चालत नाही. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास मिळवलेली बाई, व्यवहार कळणारी. पण लेकरू झाल्यापासून तिचा एक कान सतत जागा राहिलेला. विशू शिंकली तरी ती कुशीवर वळायची. सासरे चेष्टा करायचे. "बुद्धवंदना पालीत म्हणतीस, अर्थ इचारला की भिंतीकडं बघतीस. आधी पाली शीक की गं. अरबी कामून?" ती म्हणायची, "बाबा, पालीत कुणाला ताप येत नाही." सासऱ्यांना ते इतकं आवडलं होतं की पुढं विहारात चारचौघांना सांगत सुटले.

देगलूर नाक्याजवळच्या गल्लीत नुज़हत आपा पोरींना अरबी शिकवायच्या. निवृत्त शिक्षिका, पान खाऊन लाल झालेले ओठ, नाकावर घसरलेला चष्मा. निळ्या कापडावर बाबासाहेबांचा फोटो छापलेली पिशवी घेऊन धम्मप्रिया दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आओ बेटा. ज़बान किसी के बाप की नहीं." मग त्यांनी तीन अक्षरं फळ्यावर लिहिली. काफ, ता, बा. त्यातून लिहिणं निघालं, लिहिणारा निघाला, पुस्तक निघालं, लिहायची जागा निघाली. धम्मप्रिया बघतच राहिली. तीन अक्षरांच्या पोटात एवढं गणगोत! आपल्याकडं एका आज्जीच्या पोटचे लातूर, उदगीर, देगलूर, हैदराबाद असे फाकलेले असतात आणि लग्नात सगळ्यांची नाकं सारखी निघतात, तसं. त्या दिवशी ती घरी आली ती चालत आली, रिक्षा करायचं भान राहिलं नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानांच्या उर्दू पाट्यांमधून, ज्या ती लहानपणापासून नुसत्या नक्षीसारख्या बघत आली होती, त्यातून आता अक्षरं तिच्याकडं बघत होती. किताब. मकतबा. कातिब. ती मनातल्या मनात प्रत्येकाला हात केल्यासारखी चालली होती.

"आपा, हे सगळं पाठ झालं की मी मस्कतला बोलू शकेन?" तिनं एकदा विचारलं होतं. आपा चुना चाटत हसल्या. "ये तो किताबी अरबी है बेटा. वहाँ के लोगाँ ऐसा नहीं बोलते." "मग कसं बोलतात?" "मुझे क्या मालूम. अरबी समंदर है. एक लोटे में पकड़ना नक्को."

आणि मग ती समुद्रात उतरली. मोबाइलवर कैरोची बाई, बैरूतचा तरुण, बगदादचा एक गंभीर मास्तर. कशी आहेस, एवढंच विचारायचं तर कैरोत इज़्ज़य्यिक, आखातात श्लोनिच, म्हणजे शब्दशः तुझा रंग कसा आहे. किती सुंदर, तिला वाटलं, आपल्याकडंही आजारी माणसाला बघून म्हणतातच की, रंग उतरला गं तुझा. आत्ता म्हणायचं तर पुस्तकात अल्-आन, कैरोत दिलवक़्ती, बैरूतमधे हल्ला. हल्ला! ती एकटीच स्वयंपाकघरात हसली होती. काळीज पुस्तकात क़ल्ब, कैरोत नुसतं अल्ब, क घशातच गिळून टाकलेला. कधी तिला वैताग यायचा. एक भाषा म्हणून हातात घ्यावी तर वीस निघतात, आणि वीसही परक्या नाहीत, एकमेकींच्या मावशा-आत्या. पण वैतागाच्या खालून नवल उसळून यायचं. एवढा मोठा मुलूख, एवढी माणसं, लिहायला एकच आणि बोलायला हजार. आणि कुणाचंही बोलणं चूक नाही. तिच्या शाळेत तसं नव्हतं. शाळेत "न्हाई" म्हटलं की बाई म्हणायच्या, नाही म्हण, शुद्ध बोल. ती शुद्ध बोलायला शिकली, इतकी की आई लातूरहून फोनवर म्हणायची, "तू टीव्हीतल्या बाईवानी बोलायलीस, मला भ्याव वाटायलंय."

खिडकीबाहेर ज्वारीची कापलेली रानं मागं पळत होती. माणसाला एवढी अक्कल असावी आणि एवढी साधी गोष्ट दिसू नये! कारण सकाळी तिनं बघितलं होतं. आता तेच तिला जाळत होतं. ती काही न बघणारी बाई नव्हती. सुहैल रडला होता, सुई न टोचता नुसतं स्टेथोस्कोप लावल्यावर, आणि त्याच्या गालांवर पाणी नव्हतं. तोंड वेडंवाकडं झालं, आवाज आला, पण डोळे कोरडे. तिला ते दिसलं होतं. दिसलं आणि ती पुढं गेली, कारण तिचं सगळं लक्ष कानात होतं. शब्द आला, ओळखीचा निघाला, तिचा जीव एवढासा सुखावला, आणि डोळ्यांनी सांगितलेलं कानानं पुसून टाकलं. विशूच्या बाबतीत असं झालं असतं? विशूच्या बाबतीत तिनं डॉक्टरचा हात धरला असता.

विशूच्या बाबतीत झालं होतं. ते आठवलं आणि तिनं झोपलेल्या पोरीच्या तळव्यावर बोट ठेवलं. धम्मानंद तेव्हा चाकणला कामाला, पुण्यात एका खोलीत संसार, आई लातूरहून आलेली, विशू रांगतीही नव्हती आणि उलट्यांमुळं दवाखान्यात ठेवलेली. धम्मप्रिया औषध आणायला खाली गेलेली असताना नर्सनं आईला विचारलं, बाळ कसं आहे आता. आई म्हणाली, "उलट्या करून राहिलंय." नर्सनं ऐकलं, उलट्या करून झाल्या, आता राहिल्या, थांबल्या. पाऊस राहिला म्हणतात तसं. ती गेली. आई लेकराला मांडीवर घेऊन, दर उलटीला पदर बदलत, वाट बघत बसली, कारण तिनं तर सांगितलं होतं की करून राहिलंय, आत्ता या घटकेला करतंय, बघा की. धम्मप्रिया वर आली तेव्हा पदराचा एकही कोरडा कोपरा उरला नव्हता. ती नर्सवर ओरडली होती, शुद्ध मराठीत. आणि नर्स म्हणाली होती, "ताई, त्यांनीच सांगितलं राहिलंय म्हणून. मराठीच बोलतो ना आपण?" त्या नर्सचा चेहरा तिच्या मनात तेव्हापासून एका निर्दय बाईचा चेहरा म्हणून लटकत होता. आज तो चेहरा सरकला. तिथं तिला स्वतःचंच तोंड दिसलं, आत्मविश्वासानं डॉक्टरांकडं वळलेलं.

आई घाबरली की पुण्यात असो की विलायतेत, लातूरच्या गल्लीतच बोलणार. इब्तिहालला कैरोची बोली कळते, मालिका बघून सगळ्यांनाच कळते, ती स्वतः म्हणाली होती. एरवी धम्मप्रियाशी बोलताना ती सावकाश, पुस्तकातल्यासारखी बोलायची, पोरीला घास भरवावा तशी. गच्चीवर कपडे वाळत घालताना पहिल्यांदा तिनं "कैफ़ हालिश?" म्हणजे कशी आहेस, असं विचारलं तेव्हा धम्मप्रियानं चमकून बघितलं होतं, कारण पुस्तकात शेवटी क होता आणि हिच्या तोंडात बायकांसाठी श. इब्तिहाल हसून म्हणाली, सना, सना, म्हणजे आमच्या गावाकडचं आहे हे, आणि लगेच दुरुस्त करून पुस्तकी बोलली. धम्मप्रियाला तेव्हा ते ओळखीचं वाटलं होतं. मीही अशीच दुरुस्त करते. पण आज सकाळी लेकरू हातात मलूल झाल्यावर इब्तिहालला दुरुस्त करायला सुचलं नाही. आतलं होतं ते बाहेर आलं. आणि आतलं तेच खरं असतं, एवढं तरी तिला कळायला हवं होतं, धम्मप्रियाला, लातूरच्या लेकीला.

फोन लागला. "कोन हाय?" धुरपताबाई झोपेतून ओरडल्या.

"मावशी, मी प्रिया. वर जा पटकन. सुहैलचा लंगोट ओला आहे का बघा."

"काय ओलं?"

"लंगोट, मावशी! लेकराला सू झाली का बघा!" बसमधली चार डोकी वळली.

"अगं ते लेकरू कुठं हाय वर? ती गेली की घेऊन मघाशीच. रिक्षात बसून गेली."

"कुठं गेली? एकटी?"

"दवाखान्यात. मी म्हणलं कुठं चाललीस, प्रियाला येऊ दे, तू काय बोलनार तिथं? तर म्हनती कशी, मौसी, सू न्हाई. सकाळपासून सू न्हाई. लई न्हाई." धुरपताबाईंच्या आवाजात भीतीच्या वर थोडा अभिमान होता. "मीच शिकविलंय तिला. मिरच्या वाळू घालताना. तू तुझी अरबी करत बसतीस, ती आमची मराठी करती. तुमच्या विशूचं नाक पुसून पुसून शिकली बया."

धम्मप्रियानं फोन छातीशी धरला. तिला आठवेना की इब्तिहाल कधी मराठीतून तिच्याशी बोलली असेल. तिनं बोलूच दिलं नव्हतं. ती तिच्याकडं जायची ते उघड्या पुस्तकाकडं जावं तशी. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, पुन्हा म्हण, सावकाश म्हण. पुस्तकालाही कान असतात हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि पलीकडं ती मुलगी, तिच्याहून वयानं लहान, परक्या गावात, लढाईच्या मुलखातून आलेली, गच्चीवर धुरपताबाईंच्या मिरच्यांपाशी बसून एकेक शब्द वेचत होती, मस्कतच्या भीतीनं धम्मप्रिया वेचत होती तशीच. न्हाई. लई. शाळेनं जे शब्द धम्मप्रियाच्या तोंडातून काढून टाकले होते, ते तिनं उचलून जपून ठेवले होते.

"गाडी थांबवा," ती उठून म्हणाली. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, लातूरचं तिकीट हाय तुमचं." "माळाकोळीला उतरवा. मला माघारी जायचंय." "कामून? काही राहिलं का घरी?" राहिलं, एवढंच ती म्हणाली, आणि त्या शब्दाशी पुन्हा अडखळली.

माळाकोळीच्या फाट्यावर, विशूला कडेवर घेऊन नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघताना तिनं आईला फोन केला. उद्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्यासाठीच ती निघाली होती. "आई, मी आज येत नाही."

"का गं? विशूला बरं हाय ना?"

"विशूला बरं आहे. वरच्या लेकराला सलाईन लावायची वेळ आलीय. माझ्यामुळं. त्याची आई एक बोलली, मी डॉक्टरला दुसरंच सांगितलं."

पलीकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "पुन्याच्या नर्सवानी?"

"हाव," धम्मप्रिया म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडातून हाव निघालं.

"मग जा की बाई. माझा डोळा काय पळून चाललाय व्हय? तुझा भाऊ हाय इथं. जा, अन गेल्या गेल्या सांग तिला. लपवू नकू."

काळीपिवळी जीप मिळाली. मागच्या बाकावर कोथिंबिरीच्या गठ्ठ्यांमधे बसून ती सगळ्या वाटेनं वाक्य जुळवत राहिली. चूक माझी होती. पुस्तकी अरबीत म्हणावं तर ते कोर्टातल्या निकालासारखं वाटत होतं. बैरूतच्या तरुणानं माफी शिकवली होती ती प्रेमातली होती. कैरोच्या बाईनं शिकवलं होतं, अना ग़ल्ताना, मी चुकले. पण कैरोच्या शब्दानंच घात केला होता, आता त्याच घरचा शब्द घेऊन कसं जायचं? भाषा एवढी मोठी, तिच्यात एका बाईनं दुसऱ्या बाईसमोर खाली मान घालण्याचा शब्द असणारच, वीस असणार. आणि सनाच्या बायका तो कसा म्हणतात तेवढंच तिला माहीत नव्हतं. आणि जर पोचेपर्यंत... जीप लोह्यात थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. ती ओरडली त्याच्यावर, टीव्हीतल्या बाईसारखं नाही, आईसारखं. "लेकरू दवाखान्यात हाय, अन तुमी चहा पिऊन राहिलेत!" ड्रायव्हरनं कप तसाच ठेवला.

दवाखान्यात फरशी पुसणारी बाई म्हणाली, "ती बुरखेवाली ना? आत हाय. सलाईन लावलंय. लई धिटाईची बाई. नंबर लई होते, ही सरळ आत घुसली. डाक्टरला म्हणती, सू न्हाई. तुमच्या संगं सकाळी मुकी बसली होती ना हीच?"

सुहैलचा हात पट्टीनं फळीला बांधलेला होता, नळीतून थेंब उतरत होते, आणि इब्तिहाल त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. धम्मप्रिया पलंगाच्या कडेला उभी राहिली. जीपमधे जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. "अना ग़ल्ताना," ती म्हणाली. तेवढंच आलं. मग डॉक्टरांच्या खोलीकडं बोट केलं, स्वतःच्या कानाकडं केलं. "माशी. तू म्हणालीस माशी. मी... मस्र, मस्र." मस्र म्हणजे इजिप्त. "मला वाटलं मस्रची माशी."

इब्तिहाल तिच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत जाताना धम्मप्रियाला दिसली: सकाळी डॉक्टरांनी मान का हलवली, घरी का पाठवलं, आपण रिकाम्या कोरड्या लंगोटाकडं बघत दुपारपर्यंत का थांबलो. तिचे डोळे एकदम भरले आणि रागानं की कशानं कोण जाणे, जबडा घट्ट झाला. धम्मप्रियानं मान खाली घातली. आता जे येईल ते ऐकून घ्यायचं. अरबीतली शिवी कळली नाही तरी ऐकून घ्यायची.

मग इब्तिहालचा हात तिच्या खांद्यावर आला. "माशी," ती म्हणाली. "माशी, या उम्म विशू." विशूची आई. तिच्या गावाकडं बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात.

धम्मप्रियाला विचारावंसं वाटलं, कुठली? सनाची की कैरोची? नाही म्हणतेस, चूक तुझी नाही, की ठीक आहे म्हणतेस, चालायचंच? पण तिनं विचारलं नाही. खांद्यावरचा हात दोन्ही मुलखांतून आला होता. आधी या शब्दानं तिला फसवलं होतं. आता तो कुठूनही आला तरी तिला जवळच घेत होता. एवढी मोठी भाषा, तिला वाटलं, आणि किती मऊ. ती आणि इब्तिहाल दोघी त्या अरुंद पलंगाच्या दोन कडांना बसल्या, मधे लेकरू, आणि विशू जमिनीवर बसून सुहैलच्या पायाची बोटं मोजत होती. आता नळीतल्या थेंबांकडं बघत बसायचं होतं. अजून लघवी झालेली नव्हती. ती व्हायला हवी होती.

डॉक्टर आले तेव्हा बाहेरचं ऊन कलत आलं होतं. त्यांनी सुहैलची पापणी खाली ओढली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. मग सवयीनं धम्मप्रियाकडं वळून म्हणाले, "विचारा त्यांना. लघवी झाली?"

सकाळचाच प्रश्न, त्याच आवाजात. धम्मप्रियानं विचारलं. इब्तिहालनं दुपट्याखाली हात घातला, तिचा चेहरा हलला, आणि ती घाईघाईनं म्हणाली, "ऐवा. ऐवा!"

ऐवा म्हणजे हो. सनात हो, कैरोत हो, मस्कतमधेही हो. आपांच्या वर्गातल्या पोरींनाही ते कळलं असतं. डॉक्टर वाट बघत होते.

"थांबा, डॉक्टर," धम्मप्रिया म्हणाली. ती वाकली, दुपटं बाजूला सारलं आणि आपला तळवा लेकराच्या लंगोटाखाली सरकवला. कापड गरम होतं, जड होतं, आणि तिच्या बोटांच्या फटींतून अजूनही ऊब पाझरत होती. इब्तिहाल रडत रडत हसायला लागली. "झालीय," धम्मप्रिया म्हणाली. "होऊन राहिलीय." डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते पुढच्या पलंगाकडं गेले. ती तशीच वाकून राहिली, हात न काढता.